खाकीचा मान आणि कायद्याचा मान

दरवर्षी २१ ऑक्टोबर रोजी देशभरातील पोलीस दले आपल्या हुतात्म्यांना मानवंदना देतात. १९५९ साली याच दिवशी लडाखमधील हॉट स्प्रिंग्ज परिसरात, आदल्या दिवशी बेपत्ता झालेल्या सहकाऱ्यांच्या शोधात निघालेल्या पोलीस तुकडीवर चिनी सैनिकांनी टेकडीवरून गोळीबार केला आणि दहा जवान धारातीर्थी पडले. त्यांचे मृतदेह चीनने परत केले ते तीन आठवड्यांहून अधिक काळानंतर. लडाखच्या त्या सीमेवर पहारा देण्याचे काम तेव्हा पोलिसांकडे होते, ही गोष्ट आज फारशी कोणाच्या लक्षात नसते. २०१८ मध्ये दिल्लीच्या चाणक्यपुरीत राष्ट्रीय पोलीस स्मारक उभे राहिले. कर्तव्य बजावताना मृत्यू आलेल्या ३४ हजारांहून अधिक पोलिसांची नावे तेथील भिंतींवर कोरलेली आहेत.

अशा भिंतीपुढे मान झुकावी, यात दुमत होण्याचे कारण नाही. मतभेद सुरू होतो तो त्यापुढच्या मागणीपाशी. पोलिसांचे काम इतके कठीण व धोक्याचे आहे, की समाजाने त्यांना इतर कोणत्याही सेवकापेक्षा विशेष आदर द्यायला हवा, असे वारंवार सांगितले जाते. या आदरात कृतज्ञता अभिप्रेत असेल, तर ती योग्यच आहे. परंतु प्रत्यक्षात ‘विशेष आदर’ या शब्दांच्या आडून कधी मुकाट आज्ञापालन मागितले जाते, तर कधी चुकीच्या कृत्यांना सूट. म्हणून आदर नेमका कशाचा करायचा, हे एकदा तपासून पाहणे आवश्यक ठरते.

केवळ धोका हा निकष मानला, तर तो पोलिसांपुरता राहत नाही. भर पावसात खांबावर चढणारा वीज खात्याचा लाइनमन, खवळलेल्या समुद्रात ट्रॉलर नेणारा खलाशी, पर्यटकाला वाचवण्यासाठी लाटांत उडी घेणारा जीवरक्षक, कायद्याने बंदी असतानाही मलवाहिनीत उतरवला जाणारा कामगार, हे सारेच जीव धोक्यात घालतात. यांतील बहुतेकांच्या नावाची भिंत कोठेही उभारलेली नाही. पोलिसांचे वेगळेपण धोक्यापेक्षा अधिकारात आहे. शांततेच्या काळात नागरिकाचे स्वातंत्र्य हिरावून घेण्याचा, त्याच्या घरात शिरण्याचा आणि प्रसंगी त्याच्यावर बळ वापरण्याचा अधिकार राज्यसंस्थेने रोजच्या व्यवहारात ज्यांच्या हाती दिला आहे, असा हा वर्ग आहे. त्यामुळे पोलिसाच्या कामाचे मोल ठरवताना, त्याने किती धोका पत्करला याच्या जोडीला, हाती असलेले बळ त्याने किती संयमाने वापरले हेही पाहावे लागते.

या कसोटीवर पोलीस इतिहासातील सर्वांत तेजस्वी प्रसंग पुन्हा वाचण्यासारखा आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईत गिरगाव चौपाटीवरील नाकाबंदीत दोन दहशतवाद्यांची मोटार अडवण्यात आली. सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी अजमल कसाबच्या रायफलीची नळी हातांनी घट्ट धरली, गोळ्या स्वतःच्या अंगावर झेलल्या आणि अखेरपर्यंत पकड सोडली नाही. सहकाऱ्यांनी कसाबला जिवंत पकडले. ओंबळे यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. ही कथा महाराष्ट्रात आणि गोव्यात शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे.

या कथेतील ‘जिवंत’ हा शब्द मात्र पुरेशा गांभीर्याने घेतला जात नाही. कसाब जिवंत हाती लागला म्हणूनच कटाचे धागेदोरे उलगडले आणि हल्लेखोर कोठून आले, हे जगापुढे मांडता आले. त्याच्यावर खटला चालला, त्याला वकील देण्यात आला. २०१० मध्ये विशेष न्यायालयाने दिलेली फाशीची शिक्षा उच्च न्यायालयाने व २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम केली आणि त्याच वर्षी २१ नोव्हेंबरला येरवड्यात तिची अंमलबजावणी झाली. त्याच खटल्यात दोन भारतीय सहआरोपी पुराव्याअभावी निर्दोष सुटले. शेकडो साक्षीदारांसमोर गुन्हा केलेल्या आरोपीबाबतही देशाने न्यायाची वाट सोडली नाही, याची सुरुवात चौपाटीवर झाली होती. ओंबळे यांनी आरोपीला कायद्याच्या हवाली केले आणि त्यासाठी प्राण दिले. पोलिसी कर्तव्याची याहून नेमकी व्याख्या सापडणे कठीण आहे.

आता याच्या शेजारी दुसरे चित्र ठेवावे लागते. नोव्हेंबर २०१९ मध्ये हैदराबादजवळ एका तरुण पशुवैद्यक महिलेवर बलात्कार करून तिची हत्या करण्यात आली. देश हादरला. ६ डिसेंबरच्या पहाटे या प्रकरणातील चारही आरोपी पोलिसांच्या गोळीबारात ठार झाले. त्यांनी शस्त्रे हिसकावून हल्ला केला, असे पोलिसांनी सांगितले. घटनास्थळी जमलेल्या लोकांनी पोलिसांवर पुष्पवृष्टी केली. गणवेशाला इतका उत्स्फूर्त आणि इतका विशेष मान क्वचितच मिळाला असेल.

पुढे सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या न्यायमूर्ती विकास सिरपूरकर यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने या घटनेची चौकशी केली. मे २०२२ मध्ये उघड झालेल्या अहवालाने पोलिसांची कहाणी फेटाळली. आरोपींवर मारण्याच्या हेतूने जाणूनबुजून गोळीबार झाला, असा निष्कर्ष काढून दहा पोलिसांवर खुनाचा खटला चालवावा, अशी शिफारस आयोगाने केली. मारल्या गेलेल्या चौघांपैकी तिघे अल्पवयीन होते, असेही आयोगाचे मत पडले. ज्या आरोपींचा गुन्हा न्यायालयात सिद्ध होऊ शकला असता, तो आता कधीच सिद्ध होणार नाही. फुले उधळणाऱ्यांना न्याय मिळाल्याचे समाधान लाभले. ज्या मुलीसाठी ते हळहळत होते, तिच्या खटल्याचा निकाल मात्र कायमचा हरवला.

या प्रकरणाचा आरंभ तर त्याहून अधिक बोलका आहे. ती तरुणी घरी परतली नाही म्हणून कुटुंबीय त्याच रात्री पोलिसांकडे गेले होते. तेव्हा घटना कोणत्या ठाण्याच्या हद्दीत येते, यावर वेळ दवडण्यात आला आणि या दिरंगाईबद्दल नंतर तीन पोलिसांना निलंबित करण्यात आले. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापुरात हेच घडले. शाळेत दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाल्याची तक्रार घेऊन गेलेल्या पालकांना गुन्हा नोंदवून घेण्यासाठी कित्येक तास ताटकळावे लागले. संतप्त जमावाने रेल्वे रोखून धरली, तेव्हा यंत्रणेला जाग आली. सप्टेंबरमध्ये आरोपी पोलीस व्हॅनमध्येच गोळी लागून ठार झाला. त्याने पिस्तूल हिसकावल्याचे पोलिसांनी सांगितले. काही ठिकाणी पेढे वाटले गेले आणि अभिनंदनाचे फलक लागले. जानेवारी २०२५ मध्ये न्यायदंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालाने पाच पोलिसांना या मृत्यूबद्दल जबाबदार धरले.

दोन्ही घटनांचा क्रम एकच आहे. तक्रार घेऊन आलेल्या कुटुंबाला ठाण्यात दाद मिळाली नाही. लोकक्षोभ उसळला. त्यानंतर गोळी चालली आणि त्या गोळीने आधीच्या दिरंगाईचा हिशेब पुसून टाकला. वास्तविक तक्रार येताच गुन्हा नोंदवणे हे पोलिसाचे पहिले काम. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाल्यावर प्राथमिकी नोंदवणे बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ललिताकुमारी प्रकरणात २०१३ मध्येच स्पष्ट केले आहे. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने तर हद्दीची सबबही काढून घेतली असून गुन्हा कोठेही घडला असला, तरी त्याची माहिती कोणत्याही ठाण्यात देता येते. जो ठाणे अंमलदार मध्यरात्री आलेल्या घाबरलेल्या बापाला बसवून घेतो, त्याची तक्रार लिहून घेतो आणि लगेच बिनतारी संदेश पाठवतो, त्याच्यावर कोणी फुले उधळत नाही. समाज विशेष आदर देतो खरा. पण बहुतेकदा तो चुकीच्या कृत्याला देतो.

हे असे का होते, याचे एक उत्तर भाषेतच दडले आहे. मराठीत शिक्षकाविषयी आदर असतो, डॉक्टरवर विश्वास असतो; पोलिसांचा मात्र ‘दरारा’ असतो, ‘वचक’ असतो, ‘धाक’ असतो. चांगल्या अधिकाऱ्याची स्तुतीसुद्धा याच शब्दांत होते. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, अशी म्हण आहे. ठाण्याच्या पायरीबाबत म्हण करण्याचीही कोणाला गरज भासली नाही. दरारा गुन्हेगाराला वाटला तर ते यश; तक्रारदारालाच वाटू लागला तर ते अपयश. मात्र दोन्हींना एकच नाव असल्याने दुसरे पहिल्यात खपून जाते.

या दराऱ्याची मुळे जुनी आहेत. देशातील पोलीस यंत्रणेचा पाया घालणारा १८६१ चा पोलीस कायदा १८५७ च्या उठावानंतर लगेच आला. प्रजेला दाबात ठेवणे हा त्याचा हेतू होता. विशेष म्हणजे ज्या राज्यकर्त्यांनी हे दल उभारले, त्यांचाच त्याच्यावर विश्वास नव्हता. १८७२ च्या पुरावा कायद्याने पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध ग्राह्य धरण्यास मनाई केली. कबुली मारहाण करून मिळवली जाते, हे त्यांना ठाऊक होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ही मनाई कायम आहे. स्वतंत्र भारताच्या संसदेने दीडशे वर्षांनंतर कायदा नव्याने लिहिताना हा अविश्वास तसाच ठेवला, याचा प्रामाणिक अधिकाऱ्यांना विषाद वाटणे साहजिक आहे. परंतु तो अविश्वास काढून टाकण्याजोगी परिस्थिती निर्माण झालेली नाही, हेही तितकेच खरे. छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर भारताने १९९७ मध्ये स्वाक्षरी केली. तो अद्याप अनुसमर्थित झालेला नाही. विधी आयोगाने २०१७ मध्ये तशी शिफारस केली, त्यालाही बरीच वर्षे लोटली.

गोव्याची स्मृती याहून वेगळी असली, तरी सुखद नाही. पोर्तुगीज राजवटीत स्वातंत्र्यसैनिकांचा छळ करणाऱ्या पोलीस एजंट कासिमिरो मोंतेरोच्या नावाने गोवेकरांच्या एका पिढीच्या अंगावर काटा येत असे. पुढे पोर्तुगालमधील विरोधी नेते जनरल हुंबेर्तु देल्गादु यांच्या १९६५ मधील हत्येतही त्याचेच नाव आले. त्या पोलिसांपुढे माना खाली घालाव्याच लागत. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोमंतक मुक्त झाला, पण मुक्तीनंतर येथे लागू झाला तोही १८६१ चाच पोलीस कायदा. राज्य बदलले तरी नागरिक आणि ठाणे यांच्यातील अंतर कायद्याने आपोआप कमी केले नाही.

छोट्या राज्याचा एक फायदा आणि एक तोटा असतो. येथे पोलीस शिपाई परका नसतो. तो शेजारच्या वाड्यावरचा, कोणाचा तरी वर्गमित्र, कोणाचा तरी भाचा असतो. चतुर्थीच्या रात्री घरचा गणपती सोडून तो नाक्यावर उभा असतो, हे सर्वांना दिसते. त्यामुळे आपुलकी वाढायला हवी. परंतु ठाण्यात जाण्यापूर्वी ओळखीचा माणूस किंवा राजकीय वशिला शोधण्याची सवयही याच जवळिकीतून लागते. ज्याची ओळख नाही, अशा मजुराने, परप्रांतीय भाडेकरूने किंवा एकट्या स्त्रीने मग जायचे कोठे? डिसेंबर २०२४ मध्ये जमीन बळकाव प्रकरणातील एक प्रमुख आरोपी रायबंदर येथील गुन्हे शाखेच्या कोठडीतून निसटला आणि पहाऱ्यावरील शिपायानेच त्याला पळून जाण्यास मदत केल्याचा आरोप झाला. तो शिपाई बडतर्फ झाला. आरोपी काही दिवसांत केरळमध्ये पकडला गेला. एका शिपायाच्या कृत्यावरून साऱ्या दलाची पारख करणे अन्यायाचे आहे. तोच न्याय उलट बाजूनेही लावावा लागेल. एका ओंबळेंच्या हौतात्म्यावरून साऱ्या दलाला तपासणीतून मोकळे ठेवता येत नाही.

पोलिसांची बाजूही येथे ऐकून घ्यायला हवी. सतत संशयाने पाहिले गेले, तर चांगली माणसे या सेवेत येणार नाहीत, आलेली खचतील आणि गुंडांचे फावेल, हा त्यांचा युक्तिवाद पोकळ नाही. करोनाकाळात एकट्या महाराष्ट्रात शेकडो पोलीस मृत्युमुखी पडले, कारण सारे घरी असताना त्यांना रस्त्यावर उभे राहावे लागले. वाहतूक पोलिसावर हात उगारण्याच्या घटनाही घडतात. मात्र कर्तव्यावरील लोकसेवकावर हल्ला करणे हा स्वतंत्र गुन्हा आहेच, म्हणजे कायद्याने विशेष संरक्षण आधीच दिलेले आहे. आदर ही त्यापलीकडची गोष्ट आहे आणि ती कलमाने मिळत नाही. शिवाय पोलीस खचतो तो केवळ लोकांच्या टीकेने, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. त्याला अधिक खचवते ती त्याची स्वतःची व्यवस्था.

२०१४ च्या एका राष्ट्रीय अभ्यासात, ठाण्यांतील सुमारे ९० टक्के कर्मचारी दिवसाला आठ तासांपेक्षा अधिक काम करतात, असे आढळले होते. ‘कॉमन कॉज’ आणि ‘लोकनीती-सीएसडीएस’ यांच्या २०१९ च्या अहवालानुसार पोलिसांचा कामाचा दिवस सरासरी १४ तासांचा आहे. त्याच अहवालातील दुसरी बाब अस्वस्थ करणारी आहे. गुन्हेगारांशी हिंसक वागणे योग्य आहे, असे चारपैकी सुमारे तीन पोलिसांना वाटते. चौदा तास उभा राहिलेला, सुट्टीसाठी वरिष्ठांची मनधरणी करणारा, बदलीच्या टांगत्या तलवारीखाली जगणारा माणूस समोरच्या आरोपीला प्रतिष्ठेने वागवील, ही अपेक्षा ठेवता येते. मात्र तशी व्यवस्था कोणी उभारलेली नाही. वरिष्ठांच्या घरी शिपायांना घरगड्यासारखे राबवण्याची ‘ऑर्डर्ली’ पद्धत बंद करण्यासाठी तामिळनाडूत २०२२ मध्ये उच्च न्यायालयाला कठोर शब्द वापरावे लागले. ज्या शिपायाला त्याचा साहेबच मान देत नाही, त्याला नागरिकांनी विशेष मान द्यावा, ही मागणी विसंगत आहे.

बदल अशक्य नाही. मुंबईतील देवनार पोलीस ठाण्यात मे २०१६ मध्ये आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू झाला. त्याची कल्पना कोणा समितीने मांडली नव्हती. ती त्याच ठाण्यातील एका कर्मचाऱ्याची होती. तत्कालीन पोलीस आयुक्त दत्तात्रय पडसलगीकर यांनी ती उचलून धरली आणि २०१७ पासून ती शहरातील इतर ठाण्यांत नेली. पुष्पगुच्छापेक्षा वेळेवर घरी जाता येणे हा शिपायाचा अधिक खरा सन्मान आहे, हे त्या प्रयोगाने दाखवले.

मोठा आराखडाही तयारच आहे. प्रकाश सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ रोजी राज्यांना निर्देश दिले. पोलीस महासंचालकांना किमान दोन वर्षांचा कार्यकाळ, क्षेत्रीय अधिकाऱ्यांच्या मनमानी बदल्यांना आळा, तपास आणि कायदा-सुव्यवस्था यांची फारकत आणि पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी स्वतंत्र प्राधिकरण, असे त्यांचे स्वरूप होते. यांतील अर्धे निर्देश पोलिसांना राजकीय दबावापासून वाचवणारे आहेत आणि उरलेले नागरिकांना पोलिसी मनमानीपासून. दोन्ही एकत्र आले तरच अर्थ आहे, हे न्यायालयाने ओळखले होते. गोव्यात राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण स्थापन झाले. अशा प्राधिकरणाच्या शिफारशी बंधनकारक असाव्यात, असे न्यायालयाने म्हटले होते. प्राधिकरणाची पदे वेळेवर भरणे, त्याला स्वतःची तपास यंत्रणा देणे आणि त्याच्या शिफारशींचे पुढे काय झाले ते दरवर्षी विधानसभेपुढे मांडणे, हे पोलिसांचा अवमान करणारे पाऊल नव्हे. निर्दोष अधिकाऱ्याला खोट्या आरोपातून सोडवणारी तीच सर्वांत विश्वासार्ह वाट आहे.

तेव्हा पोलीस विशेष आदरास पात्र आहेत का, या प्रश्नाचे सरसकट उत्तर देता येत नाही. गणवेश चढवताच मिळणारा आदर हा आदर नसून दरारा असतो आणि तो मागण्याचा हक्क लोकशाहीत कोणालाच नाही. सौजन्य, मानवी वेतन, ठराविक तास, राहण्याजोगी घरे आणि हल्ल्यापासून संरक्षण हे प्रत्येक पोलिसाचे हक्क आहेत. ते आदराच्या नावाखाली उपकार म्हणून देऊ नयेत. विशेष आदर मात्र कृतीचा व्हावा. हातातील बळ कायद्याच्या चौकटीत ठेवणाऱ्या, वशिला नसलेल्याची तक्रार नोंदवणाऱ्या, वरून आलेला चुकीचा आदेश नाकारणाऱ्या आणि आरोपीला जिवंत न्यायालयापुढे उभा करणाऱ्या पोलिसाला तो खुशाल द्यावा.

हॉट स्प्रिंग्जच्या दहा जवानांना मानवंदना देऊन संचलन संपते आणि दुसऱ्या दिवशी, २२ ऑक्टोबरला, ठाण्यांचे कामकाज नेहमीप्रमाणे सुरू होते. त्या सकाळी कोणाचीही ओळख नसलेला एखादा माणूस आपली तक्रार घेऊन आत येईल. त्याला बसायला खुर्ची मिळते का, त्याचे म्हणणे लिहून घेतले जाते का आणि प्राथमिकीची विनामूल्य प्रत त्याच्या हाती पडते का, यावरच खाकीच्या मानाचा खरा निकाल लागेल.